किला गेटचा फकीर आणि फाडलेला फतवा

हिजरी 966, म्हणजे इसवी सन 1559 च्या आसपासची आग्र्यातील हकिकत आहे. अब्दुल कादिर बदायुनी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी होता. पुढे अकबराच्या दरबारात राहून, दरबारापासून लपवून त्याने एक परखड इतिहास लिहिला. त्यात त्याने एक आठवण नोंदवली आहे. आग्र्याच्या बाजारातून एका उतारवयाच्या सूफी फकिराची स्वारी चालली होती. भोवती माणसांचा गराडा. दोन्ही अंगांनी सलाम येत होते आणि प्रत्येक सलामाला वाकून उत्तर देताना त्या फकिराला पाठ ताठ करायलाही उसंत मिळत नव्हती. बदायुनीने हे दुरून पाहिले. जाऊन भेटावे, असे त्याच्या मनात आले. पण तेवढ्यात कानावर आले की हा शेख हिंदूंनाही उठून मान देतो. तेवढ्या एका कारणासाठी बदायुनीने भेटीचा बेत सोडून दिला.

ते फकीर म्हणजे शेख महंमद गौस ग्वाल्हेरी. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडील पायथ्याशी, आज ज्या वस्तीला किला गेट म्हणतात त्या परिसरात त्यांचे नाव अजून जिवंत आहे. तिथून थोड्या अंतरावर हजिरा भागात त्यांचा भव्य मकबरा उभा आहे. चारी कोपऱ्यांना षटकोनी बुरूज, भिंतींच्या जागी दगडात कोरलेल्या नाजूक जाळ्या, वर मोठा घुमट. त्याच आवारात तानसेनाची साधी समाधी आहे. बहुतेक पाहुणे तानसेनासाठी येतात आणि जाळ्यांची तारीफ करून परततात. त्या जाळ्यांआड जो माणूस चिरनिद्रा घेत आहे, त्याला हयातीत कुणी अवलिया म्हटले, कुणी काफिर म्हटले, कुणी जिन्नांना वश करणारा मांत्रिक म्हटले, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

धर्म, धर्मद्रोह, नास्तिकता आणि सैतान या चार शब्दांभोवती माणसांनी किती भांडणे केली, याचा हिशेब मांडायला किला गेटसारखी जागा सापडणे कठीण. या वाटेने वर चढताना त्या भांडणांचा एकेक पुरावा दगडात भेटतो.

चुनारच्या डोंगरातील साधना

गौस यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. शत्तारी नावाच्या सूफी पंथात त्यांनी दीक्षा घेतली. या पंथाचे हिंदुस्थानातील प्रवर्तक शाह अब्दुल्ला 1485 साली मांडूला निवर्तले होते. गौस यांचे गुरू शेख जहूर हाजी हमीद. गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनी चुनारच्या डोंगरात एका तपाहून अधिक काळ कठोर साधना केली. झाडपाला खाऊन गुहेत राहिलेल्या या तरुणाच्या कहाण्या मोगल काळातील लेखकांनी आवर्जून नोंदल्या आहेत.

या साधनेतूनच त्यांचा मुख्य ग्रंथ आला, 'जवाहिर-ए-खम्सा', म्हणजे पाच रत्ने. पहिला मसुदा झाला तेव्हा ते जेमतेम बाविशीचे होते आणि पुढे गुजरातेत 1549 च्या सुमारास त्यांनी तो पुन्हा हातावेगळा केला. पहिले रत्न उपासनेचे, दुसरे वैराग्याचे, चौथे शत्तारी मार्गातील जपध्यानाचे, पाचवे सत्याचा वारसा मिळालेल्या सिद्धांचे. वादाचे मूळ ठरले ते तिसरे रत्न, 'दावत', म्हणजे ईश्वराच्या नावांचे आवाहन.

दावतीची रीत अशी. अरबी लिपीतील प्रत्येक अक्षराला एक संख्या असते आणि त्या हिशेबाने प्रत्येक ईश्वरी नावाचे मूल्य निघते. अल्लाह या नावाचे मूल्य 66. प्रत्येक अक्षराशी एखादे तत्त्व, रास, ग्रह, धूप, रक्षक फरिश्ता आणि एक जिन्न जोडलेला. साधकाने चाळीस दिवसांचा चिल्ला धरावा, एकांतात बसावे, मांसमच्छी आणि इतर बरेच पदार्थ वर्ज्य करावेत, ठरलेल्या संख्येचा जप करावा, म्हणजे त्या नावाची शक्ती आणि तिचे सेवक अनुकूल होतात. आपल्याकडचे मंत्र, न्यास, पुरश्चरण माहीत असलेल्या वाचकाला ही सारी मांडणी ओळखीची वाटेल. पुढे हा ग्रंथ मदिनेत अरबीत उतरला आणि त्या वाटेने सुमात्रा बेटावरील आचे येथपर्यंत शत्तारी पंथ पोहोचला. 1885 साली टॉमस ह्यूज याने इस्लामचा इंग्रजी कोश केला, तेव्हा दावतीची माहिती त्याने मुख्यतः याच ग्रंथातून घेतली.

ग्रंथकर्त्याच्या दृष्टीने ही शुद्ध ईश्वरोपासना होती. जिन्न असोत की फरिश्ते, सारे त्याच एका नावाचे ताबेदार. विरोधकांना मात्र त्यात जादूटोण्याचा वास आला. इथूनच दोन तट पडले.

हाथी पोळ आणि उरवाईची दरी

1526 साली पानिपतावर इब्राहीम लोदी पडला. ग्वाल्हेरचा पदच्युत तोमर राजा विक्रमादित्य त्याच्या बाजूने लढताना त्याच रणात मारला गेला. किल्ला तातारखान सारंगखानीच्या हाती होता. भोवतालच्या शत्रूंना घाबरून त्याने तो बाबराला देऊ केला आणि बाबराचा सरदार रहीमदाद पोहोचताच शब्द फिरवला. या वेळी किल्ल्याच्या आतून गौस यांनी निरोप धाडला की कसेही करून आत या, खानाच्या मनात खोट आहे. रहीमदादने बाहेरील शत्रूच्या भीतीचे निमित्त सांगून मोजक्या माणसांसह आत येण्याची परवानगी मिळवली, हाथी पोळेवर आपले लोक उभे केले आणि त्याच रात्री त्या दरवाजाने सारी फौज आत घेतली. हे सारे बाबराने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे. किला गेटकडून चढणारी वाट आजही त्याच हाथी पोळेखालून मानमंदिरापाशी निघते.

गौस यांच्याकडे पाहताना हा प्रसंग नजरेआड करता येत नाही. एकांतात जप करणारा हा साधक राजकारणात उतरला होता आणि आपले वजन त्याने मोगलांच्या पारड्यात टाकले होते. त्याचे फळ त्यांना मिळाले. 1529 च्या सप्टेंबरात रहीमदाद बाबराच्या रोषास पात्र झाला, तेव्हा गौस त्याच्या वतीने रदबदली करायला आले आणि त्यांच्या शब्दाखातर बाबराने त्याला माफ केले. बाबरनाम्याच्या हाती आलेल्या मजकुरातील ही अखेरची नोंद.

त्याआधी वर्षभर, 1528 च्या सप्टेंबरअखेरीस, बाबर स्वतः ग्वाल्हेर पाहायला आला होता. मानसिंह तोमराच्या महालाची त्याने मनापासून वाखाणणी केली. किल्ल्यावरची देवळेही पाहिली आणि मदरशासारखी त्यांची रचना असल्याचे लिहिले. पश्चिमेकडील उरवाईच्या दरीत मात्र त्याचा नूर बदलला. तिथे कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती होत्या. डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या आश्रयाने, साधारण 1440 ते 1473 या काळात, श्रावकांनी त्या घडवून घेतल्या होत्या. सर्वांत उंच मूर्ती आदिनाथांची, 57 फुटांची. बाबराला जागा आवडली आणि मूर्तींची नग्नता खटकली. त्याने त्या फोडण्याचा हुकूम दिला. कड्याएवढे पुतळे पाडणे सोपे नव्हते, म्हणून मुख्यतः चेहरे छिन्न झाले. पुढे जैनांनी चुन्याच्या गिलाव्याने त्यातले कित्येक चेहरे पुन्हा घडवले. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने पाहणी केली तेव्हा ही दुरुस्ती त्याच्या ध्यानात आली होती.

या मूर्तींच्या नशिबी दोन दिशांनी दोन निवाडे आले. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. जगाचा कर्ता ईश्वर जैनांना मान्य नाही आणि वेदाचे प्रामाण्यही नाही. त्यामुळे वैदिक दर्शनकारांनी चार्वाक आणि बौद्धांसोबत त्यांना नास्तिकांच्या रांगेत बसवले. खरे तर आत्मा, कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष मानणारा, अहिंसेचा इतका बारकाईने विचार करणारा हा धर्म. दुसरीकडे बाबराच्या लेखी ती बुतपरस्ती होती, म्हणजे देव नाकारण्याच्या नेमके उलट, नको तितके देव मानण्याचा अपराध. एकाच दगडाला एका परंपरेने देव न मानणारा म्हटले आणि दुसरीने खोटा देव म्हटले. या दोन्ही निवाड्यांत त्या दगडापुढे हात जोडणाऱ्याला काय वाटते, हे कुणी विचारलेच नाही.

तरीही याच किल्ल्याच्या वाटेवर दुसरीही एक रीत दिसते. गणेश पोळ आणि लक्ष्मण पोळ यांच्या दरम्यान एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे देऊळ आहे, 876 सालच्या शिलालेखाचे. फुलबागेची 270 हात लांबी आणि रोजच्या 50 माळा सांगताना त्यात शून्य कोरले आहे, म्हणून गणिताचे अभ्यासक तिथे येतात. वैष्णवांचे हे देऊळ, शैवांची देवळे आणि जैनांच्या मूर्ती याच डोंगरावर शतकानुशतके शेजारी नांदल्या. डुंगरसिंह स्वतः जैन नसताना जैनांना कडे कोरायला देत होता. वैचारिक विरोध ग्रंथांतून चालला होता आणि छिन्नी-हातोडा घडवण्याच्या कामी येत होता.

फतवा

बाबरानंतर हुमायून आला. गौस यांचे थोरले बंधू शेख फूल हे हुमायूनचे आध्यात्मिक सल्लागार झाले आणि हिंदालच्या बंडात त्यांचा खून झाला. 1540 साली शेरशाहने हुमायूनला हिंदुस्थानाबाहेर काढले, तेव्हा त्याच्या जवळच्या माणसाला ग्वाल्हेरात राहणे धोक्याचे झाले. गौस गुजरातेत गेले आणि दीड तप तिथेच राहिले.

गुजरातेत त्यांच्या एका जुन्या अनुभवाने पेट घेतला. तारुण्यात आपल्याला मेराज घडला, असे त्यांनी लिहून ठेवले होते. पैगंबर महंमदांनी एका रात्री सात आकाशे ओलांडून ईश्वराचे सान्निध्य अनुभवले, त्या आरोहणाला मेराज म्हणतात. मुसलमानांच्या दृष्टीने तो पैगंबरांचा विशेष मान. गौस यांनी आपल्या वृत्तांतात आकाशांतून वर जाणे, पूर्वीच्या पैगंबरांच्या भेटी आणि ईश्वराशी झालेला संवाद वर्णिला होता. सूफींमध्ये अशा अनुभवांची परंपरा जुनी आहे. पण हे सारे जागेपणी घडले म्हणणारा माणूस पैगंबरांशी बरोबरी सांगतो आहे, असा त्याचा अर्थ लावता येत होता आणि तो लावला गेला.

आरोप करणारे कुणी भुरटे नव्हते. शेख अली मुत्तकी हे हदीसचे थोर अभ्यासक. 'कंजुल उम्माल' हा त्यांचा प्रचंड हदीससंग्रह आजही वापरात आहे. एरवी मक्केत वास्तव्य, चारित्र्य निष्कलंक. त्यांनी गौस यांच्याविरुद्ध फतवा दिला. गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्यापुढे तो गेला. त्याचा परिणाम देहदंडापर्यंत पोहोचू शकत होता.

सुलतानाने निर्णय घाईने दिला नाही. फतवा त्याने अहमदाबादचे मियाँ वजीहुद्दीन अलवी यांच्याकडे अभिप्रायासाठी धाडला. वजीहुद्दीन हे गुजरातेतील अग्रगण्य विद्वान, त्यांच्या मदरशात दूरदूरहून विद्यार्थी येत. त्यांची सही पडली असती तर प्रकरण मिटले असते. पुढची हकिकत बदायुनीने दिली आहे. सही करण्याआधी वजीहुद्दीन आरोपीच्या घरी गेले. त्यांना प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्याशी बोलले आणि फतवा फाडून टाकला. हे कळताच अली मुत्तकी संतापाने भान हरपून त्यांच्या घरी आले, स्वतःचे कपडे फाडले आणि विचारले की धर्मात पाखंड पसरायला तुम्ही संमती कशी देता? वजीहुद्दीनांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही शब्दांची माणसे, शेख अनुभवाचे धनी. आमची बुद्धी त्यांच्या अनुभवापर्यंत पोहोचत नाही आणि शास्त्राच्या बाह्य नियमाने त्यांच्यावर दोष येत नाही. पुढे ते स्वतःच गौस यांचे शिष्य झाले.

मला या साऱ्या इतिहासात वजीहुद्दीनांची ती घरापर्यंतची चाल सर्वांत मोलाची वाटते. मेराजचा दावा खरा की खोटा, हा प्रश्न आजही ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने सोडवावा. मला स्वतःला तो साधकाच्या मनातील अनुभव वाटतो. पण एका माणसाच्या जिवाचा निवाडा करणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या माणसाला भेटले पाहिजे, हे ज्याला कळले, त्याने धर्मशास्त्राची खरी इभ्रत राखली.

याच सुमारास युरोपात काय चालले होते, तेही पाहावे. 1553 साली जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आले. तो ख्रिस्ती होता, श्रद्धावान होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य मात्र त्याला मान्य नव्हते. धर्मसुधारक कॅल्व्हिन या खटल्यामागे उभा होता. पुढच्याच वर्षी सेबास्तियन कास्तेलियो या विद्वानाने, पाखंड्यांचा छळ करावा काय, या प्रश्नावर ग्रंथ सिद्ध करून त्या कृत्याला विरोध केला. कास्तेलियोचा आवाज उठला तो चिता विझल्यावर. अहमदाबादेत एक विद्वान वेळेवर उठला आणि एक माणूस वाचला. हा फरक वंशाचा किंवा धर्माचा मानू नये. तो माणसांचा होता.

योग्यांचे अमृत आणि मोगलांचे इतिहासकार

गुजरातेतच गौस यांनी आणखी एक काम केले. 'अमृतकुंड' नावाच्या योगावरील एका संस्कृत ग्रंथाचे अरबी रूपांतर पूर्वीपासून प्रचारात होते. शिष्यांच्या आग्रहावरून गौस यांनी 1550 च्या सुमारास भडोचला त्याचे नवे फारसी विवरण केले, 'बहरुल हयात', म्हणजे जीवनसागर. दहा अध्यायांच्या या ग्रंथात श्वास, चक्रे, ध्यान यांचे वर्णन आहे. चौथ्या अध्यायातील आसने त्यांनी योग्यांकडून जाणून घेऊन बरीच वाढवली. गोरखनाथांना खिज्र, मच्छिंद्रनाथांना यूनुस आणि चौरंगीनाथांना इलियास यांच्या ठिकाणी मानण्याची रीत या ग्रंथपरंपरेत आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी शहजादा सलीमच्या चित्रशाळेत याची सचित्र प्रत तयार झाली. आसनस्थ योग्यांची ती चित्रे आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहेत.

इथे गौस यांच्याविषयी एक गैरसमज टाळला पाहिजे. सर्व धर्म सारखेच, असे म्हणणारे ते नव्हते. योग्यांची विद्या त्यांनी इस्लामच्या चौकटीत आणून बसवली, त्यांच्या सिद्धांना आपल्या पैगंबरांच्या नावांनी ओळखले. पण परक्याची विद्या तुच्छ मानून फेकून देण्याऐवजी त्यांनी ती शिकली, तपासली आणि आपल्या भाषेत मांडली. हिंदू भेटायला आला तर उठून उभे राहणे हा त्याच वृत्तीचा भाग होता.

1558 च्या सुमारास ते आग्र्याला परतले. अकबर लहान, कारभार बैरामखानाकडे आणि धर्मखाते शेख गदाईकडे. गदाईने मेराजचा जुना वृत्तांत बैरामखानापुढे काढला आणि गौस यांचा भर सभेत उपमर्द झाला. ते खिन्न मनाने ग्वाल्हेरला गेले. बैरामखान पडल्यावर त्यांचे दिवस पुन्हा पालटले, मोठी जहागीर मिळाली, खानकाह गजबजली. हिजरी 970, म्हणजे 1563 च्या सुमारास आग्र्यात त्यांचा अंत झाला आणि देह ग्वाल्हेरला आणला गेला.

तीन इतिहासकारांनी हा एकच माणूस तीन प्रकारे रंगवला. बाबराला ते सात्त्विक पुरुष दिसले. कर्मठ बदायुनीने त्यांच्या दावतीच्या सामर्थ्याबद्दल आदर दाखवला आणि हिंदूंना मान देण्याबद्दल पाठ फिरवली. स्वतः उदारमतवादी म्हणून गाजलेल्या अबुल फजलने मात्र या भावांना मंत्रतंत्राच्या बळावर भोळ्यांना भुलवणारे म्हणून हिणवले. उदारमतवादी माणूस नेहमीच दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी उदार असतो असे नाही, हे इथे दिसते.

सैतानाची बाजू

गौस यांच्यावर सैतानाशी संगनमताचा ठपका ठेवायला विरोधकांना एक धागा मिळत होता. कुराणात इब्लिसला जिन्नांपैकी म्हटले आहे. आदमपुढे वाकण्याचा ईश्वराचा हुकूम त्याने मोडला आणि तो शापित झाला. मग जिन्नांना हाक मारणारा कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न विचारणे सोपे होते.

पण इब्लिसविषयीही मुसलमान विचारवंतांचे एकमत नव्हते. 922 साली बगदादेत देहदंड भोगलेल्या मन्सूर हल्लाजने इब्लिसला एका हट्टी एकेश्वरवाद्याच्या रूपात पाहिले: ईश्वराखेरीज कुणापुढेही वाकणार नाही म्हणून शाप पत्करणारा. अहमद गझाली आणि ऐनुल कुजात हमदानी यांनीही त्याला प्रेमात पोळलेला भक्त मानले. त्यांच्यापैकी कुणी सैतानाची पूजा करा म्हटले नाही. एकनिष्ठेची परिसीमा आणि आज्ञाभंग यांच्यातला ताण समजून घेण्यासाठी त्यांनी त्या पात्राकडे पाहिले. कर्मठांना तेवढेही सोसवले नाही.

सोळाव्या शतकातील युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना सैतानाचे पाईक म्हणत होते. डाकिणी म्हणून हजारो बायका याच आरोपाखाली मारल्या गेल्या. स्वतःहून 'आम्ही सैतानवादी' म्हणणारी उघड संघटना जगाला दिसली ती फार उशिरा, 1966 साली, अँटन लावे याने सॅन फ्रान्सिस्कोत चर्च ऑफ सेटन काढले तेव्हा. त्यातली माणसे बहुतांशी निरीश्वरवादी. सैतान त्यांच्यासाठी बंडखोरीचे चिन्ह आहे, कुणी खरेखुरे दैवत नाही. त्यांची आत्मकेंद्री नीती मला पटत नाही. पण त्यांच्या आधीच्या शतकांत सैतानाचा भक्त हे नाव जवळजवळ नेहमी दुसऱ्यांनी लावलेले होते आणि लावणाऱ्याच्या हातात बहुधा सत्ता होती.

आलमगिरी दरवाजा

किल्ल्याच्या पायथ्याचा पहिला दरवाजा आलमगिरी. औरंगजेबाच्या सुभेदाराने तो 1660 साली बांधला. त्याच्या आगेमागे घडलेल्या घटना पाहिल्या, की धर्मद्रोहाचा आरोप सत्तेच्या हाती गेला म्हणजे काय होते ते कळते. 1659 च्या ऑगस्टअखेर दिल्लीत औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याला मारण्यात आले. राज्याचा वारसदार असणे हा त्याचा खरा अपराध. कागदावर आरोप आला धर्मच्युतीचा, कारण त्याने उपनिषदांचे फारसी भाषांतर केले होते आणि हिंदू-मुसलमान ज्ञानाच्या संगमावर ग्रंथ लिहिला होता. 1661 च्या सुमारास दाराचा मित्र सरमद दिल्लीत शिरच्छेदाला सामोरा गेला. नग्न फिरणारा हा फकीर 'देव नाही, अल्लाहखेरीज' या कलम्याचे फक्त आरंभीचे शब्द उच्चारी, देव नाही एवढेच. मी अजून नकारातच बुडालो आहे, होकारापर्यंत पोहोचल्याशिवाय पुढचे खोटे कसे म्हणू, असा त्याचा जबाब परंपरेने जपला आहे. प्रामाणिक साशंकतेचे इतके नेमके निवेदन क्वचितच कुणी केले असेल. त्याच 1661 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्यात औरंगजेबाचा धाकटा भाऊ मुरादबक्ष याला मारले गेले, पुढच्या वर्षी दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याच किल्ल्यात अफूचे पोस्त पाजून संपवला गेला.

गौस यांच्या वेळी फतवा विद्वानाच्या घरी गेला. दाराच्या वेळी तो गादीवर बसलेल्याच्या बाजूने आला. फतव्याची भाषा बरीचशी तीच होती. मधे उभा राहणारा वजीहुद्दीन मात्र या वेळी नव्हता.

मराठी धागे

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि त्यातून लष्कर हे शहर वाढले. हजारो मराठी घराणी इथे आली. शिंदे घराण्याची बीडच्या मन्सूरशाह अवलियांवर श्रद्धा होती आणि ती त्यांनी ग्वाल्हेरातही जपली. तानसेन समारोहाचा आरंभ आजही दोन गोष्टींनी होतो: ढोलीबुवा मठाच्या परंपरेतील हरिकथा आणि मौलवींचे मिलाद. नाथपंथी मराठी कीर्तनपरंपरा गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात उभी राहून कथा सांगते, याला मी केवळ उत्सवी शोभा मानत नाही. मच्छिंद्र-गोरखांची विद्या फारसीत नेणाऱ्या माणसाच्या दारी नाथांच्या वारसांनी येणे यथोचित आहे.

महाराष्ट्रातही हा धागा पोहोचला, असे काही अभ्यासक मानतात. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, त्यांचे गुरू चांद बोधले आणि त्या वाटेने जनार्दनस्वामी व एकनाथ, ही परंपरा ते ग्वाल्हेरच्या गौस यांच्यापर्यंत नेतात. शेख महंमदांनी 1645 साली 'योगसंग्राम' रचला. जन्माने मुसलमान, भाषेने आणि भक्तीने वारकऱ्यांच्या जवळचे. दोन्ही बाजूंच्या कर्मठांना त्यांचे वावडे होते.

मग एकोणिसाव्या शतकात पुण्याने गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ईश्वर आहे की नाही हे मानवी बुद्धीला कळत नाही, असे मानणारा हा अज्ञेयवादी, स्वच्छ चारित्र्याचा शिक्षक. त्याचा अपराध एवढाच, की रूढीला त्याने कारण विचारले. आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी त्याच पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, हे ते वर्षानुवर्षे सांगत होते. धर्मद्रोही हा शिक्का मारणाऱ्यांनी ते ऐकून घेतले नाही.

गौस आणि दाभोलकर यांना एका लेखात आणणे काहींना विचित्र वाटेल. जप करून जिन्न वश होतात, हा दावा दाभोलकरांनी नक्कीच तपासायला मागितला असता आणि तपासात तो टिकला नसता, असे मीही मानतो. पण दावा तपासणे वेगळे आणि दावा करणाऱ्याला मारणे वेगळे. दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो त्यांच्या हत्येनंतर आधी वटहुकुमाने आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळात संमत होऊन आला. तो कुणाच्या श्रद्धेला हात घालत नाही. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण, करणीच्या नावाने छळ, अशी कृत्ये तो गुन्हा ठरवतो. आणि त्याच्या अनुसूचीत आणखी एक कृत्य आहे: एखाद्या माणसाला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे.

अहमदाबादेत फाडलेल्या फतव्यापासून या कलमापर्यंत पोहोचायला सुमारे साडेचारशे वर्षे लागली. पूर्वी एका विद्वानाच्या विवेकावर जे अवलंबून होते, ते आता महाराष्ट्रात कायद्याने मान्य केले आहे. नास्तिकाला देव नाकारता यावा, साधकाला देव पाहिल्याचे सांगता यावे आणि त्या दोघांना एकमेकांचे म्हणणे निर्भयपणे खोडून काढता यावे. एवढे राखले, तर कुणाचाही देव आणि कुणाचाही विवेक धोक्यात येत नाही. कायदा हा हक्क कागदावर देतो. तो वस्तीत, घरात, शाळेत टिकवायचा असेल, तर शिक्का मारण्याआधी वजीहुद्दीनांसारखे त्या माणसाच्या दारापर्यंत जाणारे लोक लागतील. ते आपल्यातूनच उभे राहिले पाहिजेत.